पडायला शिकवणारे सुभेदार

सुभेदारांना पडताना कुणी पाहिलेलं नव्हतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला लागून असलेल्या परड्यात त्यांनी कितीतरी लोकांना पडायला शिकवलं, पण स्वतः ते कधी पडले नाहीत. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. रस्त्यात खड्डा दिसला की ते थांबायचे, त्याच्याकडे रागानं बघायचे आणि वळसा घालून पुढे जायचे. इतक्या जपून चालणाऱ्या माणसानं फौजेत असताना विमानातून उड्या मारल्यात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आमचे हे माझी चेष्टा करतायत.

आम्ही त्यांचे भाडेकरू. खालच्या दोन खोल्यांत मी आणि आमचे हे, वर सुभेदार एकटे. हे शिरोलीला फौंड्रीत कामाला. मी घरातच असायचे. मला माणसांत बोलायची सवय नाही. दारात कुणी आलं तरी मी आधी पडद्याआड जायचे आणि मग ह्यांना हाक मारायचे. सुभेदारांच्या आवाजाला तर मी सुरुवातीला घाबरूनच होते. ते नुसते खोकले तरी शेजारच्या घरातलं तान्हं पोर जागं व्हायचं.

आम्ही खोल्या बघायला आलो त्या दिवशी त्यांनी पाण्याचं, लाईटचं काही सांगितलं नाही. आधी जिना दाखवला.

"ह्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवायचा न्हाय. दुसरीवर थांबायचं, पाय जोडायचं, गुडघं ढिलं सोडायचं आनि उडी."

"का वो?" ह्यांनी विचारलं.

"रोज एकदा तरी मानसानं खाली यायची सवय ठेवावी. न्हायतर हाडं गर्विष्ठ हुत्यात."

गच्चीवर कपडे वाळत घालायला मला तो जिना चढावा-उतरावा लागायचा, त्यामुळे माझी हाडं काही गर्विष्ठ झाली नाहीत. दूधवाला किटली घेऊन उडी मारायचा. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एक जाडजूड मावशी दुसऱ्या पायरीवर अडकून राहिल्या आणि "मला नाही जमायचं बाई" म्हणायला लागल्या, तर सुभेदार खाली उभे राहून, "मावशी, खाली बघू नगा, समोर बघा, पाय जोडा," असं सांगत होते. मावशी उतरल्या. उतरल्यावर हसायला लागल्या आणि परत वर जाऊन आणखी एकदा उतरल्या.

गच्चीवर एका बांबूला त्यांनी जुन्या पायजम्याचा एक पाय बांधला होता, वारा कुठून येतोय ते कळावं म्हणून. समोरच्या काकूंनी तक्रार केली, सकाळी खिडकी उघडली की पहिलं दर्शन ह्यांच्या पायजम्याचं होतंय. सुभेदारांनी तो पाय काढला, धुतला, इस्त्री केला आणि परत लावला.

ते सगळ्यांनाच पावणं म्हणायचे, ओळखीच्यांनाही. त्याचं कारण ते शिकायला आलेल्यांना सांगायचे. "वर गेलं की मानूस आभाळाचा पावणा. पावण्यानं येळंत घरला यावं. आनि दारातनं यावं, कौलं फोडून न्हवं."

थंडीच्या दिवसांत बाहेरची एक कंपनी सोलापूरकडच्या माळावर छोटं विमान घेऊन येते आणि हौशी लोकांना पॅराशूट बांधून वरून सोडते. पहिल्यांदा उडी मारणाऱ्यांना आधी जमिनीवर शिकवावं लागतं. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना शिकवायचं काम कंपनीनं सुभेदारांना दिलं होतं. शनिवार-रविवारी परड्यात पंधरा-वीस माणसं जमायची. त्यांची भाकरी-आमटी माझ्याकडे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे.

"मी उडी मारायला शिकवत न्हाय," ते पहिल्यांदाच सांगायचे. "उडी मारायला अक्कल लागत न्हाय, दार उघडं असलं की झालं. उतरायला लागती."

पॅराशूट असलं तरी जमीन जोरात येते. ताठ पायांवर उभं राहायला गेलं तर पाय मोडतो, हात टेकवला तर मनगट जातं. म्हणून दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, गुडघे थोडे वाकवून यायचं आणि पाय लागले की अंग एका कुशीवर सोडून द्यायचं. आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग पाठ. असं केलं की मार एका जागी बसत नाही, सगळ्या अंगाला थोडा थोडा वाटला जातो.

त्यासाठी मऊ जमीन पाहिजे होती. पेठेतल्या एका तालमीत हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची, माती बदलायची होती. सुभेदारांनी वस्तादांकडून ती जुनी तांबडी माती मागून घेतली. ढकलगाड्या भरभरून माती आली, परड्यात खड्डा खणून त्यांनी तिचा हौदा केला आणि बाजूला एक उंच लाकडी स्टूल ठेवलं. हवा दमट झाली की त्या मातीला हळद, ताक आणि तेलाचा वास सुटायचा.

आणि तिथंच सगळं अडलं. शिकायला आलेले निम्मेअधिक तालमीतलेच. त्यांनी हौद्याच्या काठावर बूट काढले, माती कपाळाला लावली आणि अनवाणी आत उतरले.

"बुटं घाला!" सुभेदार ओरडले. "घोटा मोडून घ्यायचाय व्हय?"

"सुभेदार, हौद्यात बूट?" त्यातला एक दांडगा पैलवान म्हणाला. "वस्ताद जित्ता गाडंल आमाला."

"ही माती आता रिटायर झालीया. माझ्यासारखी. हिला आता कोन नमस्कार करत न्हाय."

"आमी करतो की."

"मग मला बी कर."

पैलवान खरोखरच पुढे होऊन त्यांच्या पाया पडला. बूट मात्र घातले नाहीत. शेवटी सुभेदार स्वतः जाऊन वस्तादांना घेऊन आले. वस्तादांनी मातीपुढे नारळ फोडला, हात जोडले आणि "आजपास्नं तू हौद्याची न्हाईस, बाई. आमच्या पोरांस्नी समजून घे," असं तिला सांगितलं. तेव्हा कुठे लोकांनी बूट घातले. खोबरं मीच वाटलं, खिडकीतून.

बुटांचं जमलं, पण पाठीचं जमेना. पैलवान स्टुलावरून उडी मारायचा, पाय बरोबर लागायचे, आणि पाठ मातीला टेकायची वेळ आली की त्याचं अंग आपोआप उलटं फिरायचं. तो पालथा पडायचा, नाहीतर दोन्ही हात रोवून थांबायचा. बाकीच्यांचंही तेच.

"पाठ टेकव रं मर्दा!"

"टेकत न्हाय."

"का टेकत न्हाय?"

"पाठ लागली की हारलो की, सुभेदार."

"हितं कोन हाय तुझ्यासंगं कुस्तीला?"

पैलवानानं खाली मातीकडे बघितलं. "ही हाय की," म्हणाला.

सुभेदार कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. करून दाखवावं तर गुडघा. खडूनं भिंतीवर पडणारा माणूस काढून दाखवला, तो माणसापेक्षा वांग्यासारखा जास्त दिसत होता.

त्याच वेळी मी नळावरून घागर घेऊन परड्याच्या कडेनं येत होते. फरशीवर शेवाळ होतं. पाय सटकला. पोटाशी दोन्ही हातांनी भरलेली घागर धरलेली, ती काही सोडवेना. मी कुशीवर गेले, पाठीवरून लोळले आणि पलीकडे उठून बसले. घागर पोटाशी तशीच. थोडं पाणी तेवढं सांडलं.

सगळे धावले. सुभेदार खुर्चीतून ओरडले, "कुनी हात लावू नगा! वैनी, लागलं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"बघितलासा? पोटरी, मांडी, कंबर, पाठ! वैनी, परत एकदा पडा."

मी घागर तिथंच टाकून घरात पळाले आणि कडी लावली.

संध्याकाळी ते दारात आले. आमचे हे म्हणाले, "ती न्हाई वो यायची. तिला भाजीवालीला कोथिंबीर मागायची बी लाज वाटती." सुभेदार आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर फौजेतली एक जुनी पँट होती, धुतलेली, इस्त्री केलेली, कमरेला नाडी घातलेली. ती पँट आठवडाभर मी घडीवर घडी घालत इकडून तिकडे ठेवत होते. शनिवारी तीच घातली, वर ह्यांचा फुल शर्ट, त्यावर ओढणी, आणि मान खाली घालून परड्यात गेले.

सुभेदारांनी सगळ्यांना दम दिला. "फकस्त पायांकडं बघायचं. वैनींच्या तोंडाकडं कोन बघंल त्याला स्टुलावरनं ढकलीन."

मी घागर घेऊन पडले. मग त्यांनी पाण्यानं भरलेली घागर पैलवानाच्या हातात दिली. "सांडली तर नळावर रांगंला तू उभं ऱ्हायचं." पैलवानानं घागर छातीशी धरली, उडी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पाठीवर गेला. थोडा वेळ तो तसाच आभाळाकडे बघत पडून राहिला.

"आयला," तो म्हणाला, "काय हुत न्हाय की!"

तेव्हापासून दर शनिवारी मी पडून दाखवायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ही आता सर्कशीत जाणार. पण मला त्या मातीत एक गोष्ट आवडायची. पडताना बोलावं लागत नाही.

सुभेदार दुसरंही एक शिकवायचे. पॅराशूट नीट उघडलं नाही तर छातीवर दोन मुठी असतात, उजवीकडे लाल, डावीकडे चंदेरी. लाल ओढली की बिघडलेलं पॅराशूट सुटून जातं, चंदेरी ओढली की राखीव उघडतं. आधी मुठीकडे बघायचं, मग धरायचं, मग ओढायचं. त्यांनी जुन्या जाकिटांवर कापडी मुठी शिवून घेतल्या होत्या. ती जाकिटं घालून लोक चहा पीत असले की ते मध्येच छत्री फाटल्याची हाळी द्यायचे, "फाटली!" की कप खाली आणि हात छातीवर. ज्याचा हात आधी चंदेरीवर गेला त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे.

एकदा मी मंगळवार पेठेत भाजीवालीपुढे वाकून मेथी निवडत होते. मागून आवाज आला, "फाटली!" माझ्या हातातली पिशवी गळून पडली, नजर छातीवर, हात लालवर, मग चंदेरीवर. जाकीट नव्हतं, मुठी नव्हत्या, तरी मी दोन्ही ओढल्या. भाजीवाली घाबरून उठली. "काय फाटलं गं बाई? कुठं फाटलं?"

मागे सुभेदार पिशवी घेऊन उभे. "हात बराबर गेला. पर चंदेरीकडं बघितलं न्हाईसा," म्हणाले आणि निघून गेले. घरी येईपर्यंत मी लाजेनं मान वर केली नाही, पण चंदेरीकडे बघायला त्यानंतर कधी विसरले नाही.

आणि तिसरं म्हणजे ओटा. शिकून झालेल्या प्रत्येकानं शेवटच्या दिवशी रस्त्याकडच्या ओट्यावर उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "मी आज उडी मारणार न्हाय!" येणारे-जाणारे हसायचे. कुणीतरी म्हणायचंच, "मग कशाला आलायस, भाकरी खायला?" पैलवानाला तर घाम फुटला. पेठेत राहून चारचौघांत न्हाय म्हणायचं! पण सुभेदार ऐकायचे नाहीत.

"वारं वाढलं, पट्टा ढिला वाटला, पोटात गोळा आला, कायबी असंल. दारात उभं राहून 'आज न्हाय' म्हनता आलं पायजे. हितं ओट्यावर लाज वाटतीया, वर समदी बघत असताना किती वाटंल? लाजंपायी मरू नगा, पावणं."

उडी मारून परत आलेले लोक परड्यात पेढे घेऊन यायचे. मी त्यांना पाणी द्यायचे आणि ऐकत उभी राहायचे. वर कसं वाटलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही. कुणी म्हणायचं, "नाद खुळा!" कुणी नुसते हात पसरायचे. असे दोन हिवाळे गेले. मी शंभर वेळा पडले असेन, पण स्टुलापेक्षा उंचावरून कधी नाही. एका दुपारी सुभेदारांना चहा देताना माझ्या तोंडातून निघून गेलं, "मला पण बघायचंय. वर."

ते हसले नाहीत. चहा पूर्ण प्यायले.

"पडाय येतंय तुमाला. राखीव बी येतंय. पर ओट्यावर एकदा बी उभं न्हाई राहिलासा."

मी भर दुपारी, गल्ली रिकामी बघून ओट्यावर गेले. सुभेदार रस्त्यापलीकडे कानाला हात लावून उभे राहिले. मी तोंड उघडलं. आवाज आला तो मलाही नीट ऐकू आला नाही.

"ऐकू येत न्हाय!" सुभेदार ओरडले.

"मलाबी न्हाय!" समोरच्या काकू खिडकीतून ओरडल्या.

मी घरात पळाले. पुन्हा केव्हातरी गेले, पुन्हा तसंच. तो हिवाळा तसाच गेला. "तुमास्नी आज पाठवीन मी," सुभेदार म्हणायचे, "पर वर दारात कायतरी चुकलंय असं दिसलं आनि तुमी लाजून गप बसलासा तर? मी खाली जमिनीवर. मला कसं कळनार?" त्यांचं खरं होतं. म्हणून मला रागही येत नव्हता आणि झोपही.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी कंपनीचे एक साहेब पुण्याहून आले. त्यांनी मला पडताना बघितलं, फोटो काढले आणि खूश झाले. म्हणाले, "ह्या बाईंनाच आपण पहिली उडी देऊ. नऊवारी साडी, नाकात नथ, कमरेला पट्टा. कोल्हापूरची रणरागिणी! मोठं पोस्टर करू." परड्यात टाळ्या वाजल्या. आमचे हेही त्या दिवशी घरी होते, त्यांचा चेहरा फुलला.

मी सुभेदारांकडे बघितलं. बोटात अंगठी राहिली म्हणून एकाला त्यांनी माळावरून घरी पाठवलं होतं. ते आता साडीबद्दल काहीतरी बोलणारच. पण ते गच्चीवरच्या पायजम्याकडे बघत उभे होते.

मला हवं होतं ते समोर आलं होतं. हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं मला चांगलं येत होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे पदर आला. वाऱ्यानं सुटलेला, छातीवर फडफडणारा, आणि त्याच्याखाली कुठेतरी लाल मूठ.

"मी न्हाय मारणार उडी!"

समोरची खिडकी धाडकन उघडली. साहेब म्हणाले, "अहो ताई, घाबरू नका..."

"साडीत न्हाय! पदर मुठीवर येतोय!"

साहेब सुभेदारांकडे वळले. सुभेदार आता खाली बघत होते, माझ्याकडे. "मला ऐकू आलं," ते म्हणाले. "गल्लीत बी गेलं असंल."

काकू वरून म्हणाल्या, "गेलं, गेलं!"

साहेब गेल्यावर मी त्यांना विचारलं, "तुम्ही का बोलला नाही?"

"मी बोललो असतो तर ते 'न्हाय' माझं झालं असतं, तुमचं न्हवं," ते म्हणाले आणि माझं नाव जानेवारीच्या तुकडीत घातलं. पँट-शर्टात.

आमच्या ह्यांचं मात्र बिनसलं. "पोस्टरवर आली असतीस," एवढं म्हणाले. मग मी खरंच जाणार हे कळल्यावर म्हणाले, "पडून दाखवतीस ते ठीक हाय. वरनं कशाला पडायला पायजे?" आणि त्यानंतर बोलणंच बंद. जेवायला वाढलं की जेवायचे, डबा दिला की घेऊन जायचे. माळावर जायच्या दिवशी रजा टाकून जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले, पण तोंड खिडकीकडे.

पहाटेची थंडी होती. सुभेदारांनी माझे पट्टे तपासले. परत तपासले. नेहमी दोनदाच बघायचे, त्या दिवशी पुन्हा एकदा वरपासून सगळं चाचपलं. त्यांचे हात गार होते. येळंत या पावणं, असं ते प्रत्येकाला म्हणायचे. मला काही म्हणाले नाहीत.

हेल्मेटात एक लहान रेडिओ असतो. खालून एक माणूस त्यावर सांगत राहतो, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, आता ओढा. आमच्या लोकांसाठी तो माणूस म्हणजे सुभेदार. पैलवान म्हणायचा, ह्यांना रेडिओ कशाला, तसंच ऐकू येईल.

विमानातल्या आवाजात मला स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. पॅराशूट आपोआप उघडावं म्हणून त्याची दोरी विमानाला अडकवतात. कंपनीच्या शिक्षकानं ती मला ओढून दाखवली, दार उघडलं आणि विचारलं, "जाणार?" मी स्वतःला एकदा विचारून बघितलं. मग मोठ्यानं म्हणाले, "व्हय!"

उडी मारली आणि सेकंद मोजले, एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार. जोराचा हिसका बसला. वर बघितलं. पॅराशूट चौकोनी, दोऱ्या सरळ, ओढून बघितलं तर वळत होतं. सगळं शिकवल्यासारखं. मग विमानाचा आवाज लांब गेला आणि मी सुभेदारांच्या आवाजाची वाट बघायला लागले.

आवाज आला नाही.

पहिल्यांदा वाटलं, रेडिओ बिघडला असणार. अशा वेळी काय करायचं तेही त्यांनी शिकवलेलं होतं, रेडिओ नाहीच असं समजून उतरायचं. खाली वाऱ्याची पिशवी दिसत होती, म्हणजे उतरताना तोंड कुठल्या बाजूला पाहिजे ते कळलं. माळ दिसत होता, पिवळा. एक ओढा. एका बाजूला शेळ्या. अजून पुष्कळ उंची होती. आणि कुणीच काही सांगत नव्हतं. माहेरी बाबा सांगायचे, भाऊ सांगायचा. सासरी सासूबाई, मग हे, मग सुभेदार. आता डावीकडे जायचं का उजवीकडे, हे फक्त मला ठरवायचं होतं. मी उगीचच डावीकडे वळून बघितलं. ओढा पायाखाली आला. परत उजवीकडे वळले. असं किती वेळ केलं, सांगता येत नाही.

मग जमीन मोठी व्हायला लागली. वाऱ्याकडे तोंड केलं. कौलांएवढी उंची राहिली तेव्हा दोन्ही हातांतल्या दोऱ्या खाली ओढल्या, पाय चिकटवले. पोटरी, मांडी, कंबर, पाठ. गवतात पडून राहिले.

सगळ्यांच्या आधी आमचे हे धावत आले, चप्पल एकाच पायात. मग बाकीचे. सुभेदार होते तिथंच उभे होते, रेडिओ हातात, बटणावर अंगठा दाबलेला. कंपनीच्या माणसानं त्यांच्या हातातच तो तपासला. "चालू आहे की," म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पैलवान म्हणाला, "सुभेदारांनी मुद्दाम आवाज दिला नसंल. परीक्षा घेतली असंल वैनींची."

"असंच असणार," कंपनीचा माणूस म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं. नऊवारीच्या दिवशीही ते असेच गप्प राहिले होते. सुभेदारांनी नुसती मान हलवली असती तरी गोष्ट तिथंच संपली असती, आणि लोकांनी ती कौतुकानं सांगितली असती.

"न्हाय," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही, इतका बारीक. "मुद्दाम न्हाय. बटन दाबलं, तोंड उघडलं, आनि आवाज फुटंना. घाबरलो मी."

कंपनीच्या माणसानं रेडिओवरचा हात मागे घेतला.

"एवढी मानसं सोडली, कवा असं झालं न्हाय. आज पोरगी वर आनि मी हितं दगडागत. सकाळीच कळलं हुतं मला, हात गार पडल्यालं. तवाच सांगायला पायजे हुतं, आज मी खाली उभारनार न्हाय म्हणून. लाज वाटली." त्यांनी रेडिओचा पट्टा गळ्यातून काढला आणि कंपनीच्या माणसाच्या हातात दिला. "आजपास्नं हे मला देऊ नगा. मी नापास."

कंपनीनं पुढे पुष्कळ सांगून बघितलं, पण त्यांनी रेडिओ परत घेतला नाही. पडायला मात्र शिकवत राहिले, गुडघा फारच दुखायला लागून मलकापूरकडे बहिणीच्या घरी राहायला जाईपर्यंत.

त्या दिवशी परत येताना जीपमध्ये ते पुढे बसले होते, आम्ही दोघं मागे. बराच वेळ झाल्यावर पुढे बघतच त्यांनी विचारलं, "वर कसं वाटलं?"

लोकांना हे का सांगता येत नाही ते मला आता कळलं होतं. तरी मी सांगितलं. "कुणी काही सांगत नव्हतं. ते बरं वाटलं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे मी गप बसलो ते बरं झालं म्हना की."

"व्हय."

"आनि एवढी वर्सं बोंबललो त्याचं काय मग?"

"ते सगळं ऐकलेलं होतं की आधीच. म्हणून तर उतरले."

सुभेदार परत पुढे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते का काय, मागून कळलं नाही, आणि मी वाकून बघितलंही नाही. कृष्णेवरचा अंकलीचा पूल गेला तरी ते काही बोलले नाहीत. आमचे हे मात्र मी कुठून आले, कशी वळले, ओढ्यावर किती वेळ थांबले, ते हात करकरून मलाच सांगत होते, पार शिवाजी पेठेपर्यंत.